फुंकेचा आकडा

पडद्यावरची रेघ चढत होती, पण तिला पायऱ्या होत्या. सगळ्या पायऱ्या सारख्याच उंचीच्या, चार-चार एककांच्या, आणि दोन पायऱ्यांच्या मधे रेघ कुठेच थांबत नव्हती. बारावरून सोळा, सोळावरून वीस. माणसाची फुंक अशी वाढत नाही. ती मधल्या प्रत्येक जागेवरून जाते.

"घावलं का, मॅडम?" मास्तरांनी विचारलं.

"अजून नाही. बघतेय."

"बगा निवांत. मी काय... पळून चाललो न्हाई."

ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. हात मांडीवर होते, त्यांच्या बायकोनं, शेवंतावहिनींनी, ठेवले होते तसेच. डावा तळवा वर, उजवा खाली. तोंडाजवळ तारेला बांधलेली रबरी नळी होती. लॅपटॉपचा पडदा माझ्याकडे होता, त्यांना तो दिसत नव्हता.

२०१० सालचा मार्च होता. तासगावात बसस्टँडच्या मागच्या गल्लीतल्या त्या दोन खोल्यांत मी सव्वा वर्ष दर रविवारी जात होते. सांगलीच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे आणि उरलेल्या वेळात संगीताच्या सॉफ्टवेअरचे पॅच बांधायचे. पॅच म्हणजे पडद्यावर मांडलेले लहान चौकोन आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा. एका चौकोनातून आकडा निघतो, रेघेवरून पुढच्या चौकोनात जातो, तिथे त्याच्यावर काही क्रिया होते, आणि असं करत करत शेवटच्या चौकोनातून आवाज बाहेर पडतो. माझा एक चुलतभाऊ ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचा. त्यानंच मला पहिल्यांदा शामराव ऐवळ्यांकडे नेलं.

शामरावांना अख्खा तालुका मास्तर म्हणायचा. वडील सनई वाजवत, यांनी क्लॅरिनेट धरली आणि अठरा माणसांचा बँड उभा केला. पन्नाशीला उजव्या हाताची बोटं भोकांवर बसेनाशी झाली. मग मनगट, मग डावा हात. मिरजेच्या डॉक्टरांनी रोगाचं नाव सांगितलं आणि त्याची चालही सांगितली. स्नायूंकडे जाणाऱ्या नसा एकेक करून बंद होतात. हात जातात, पाय जातात, शेवटी श्वास ओढणारे स्नायू जातात. डोकं मात्र शेवटपर्यंत शाबूत राहतं.

मी गेले तेव्हा हात गेले होते, पाय आणि फुंक होती. म्हणून सूर पायांना दिले आणि फुंक नळीला. सुताराकडून आठ लाकडी पट्ट्या करून घेतल्या, प्रत्येकीखाली एक बटण. नळीचं दुसरं टोक साबणाच्या डबीत बसवलेल्या दाबमापकाला जोडलं. डबीतून लॅपटॉपला मिडीचे आकडे जात. मिडी ही वाद्यांची आणि कॉम्प्युटरची आपसातली भाषा. तिच्यात फुंकेला शून्यापासून एकशे सत्तावीसपर्यंत जागा असते. फुंकेचा तो एक आकडा माझ्या पॅचमधे तीन ठिकाणी जायचा. सूर किती मोठा, किती धारदार आणि किती हलता, हे तिन्ही तोच ठरवायचा. एका आकड्यानं दुसऱ्याला असं हलवण्याला मॉड्युलेशन म्हणतात. मास्तरांना तो शब्द आवडला होता. "मॉडुलेशन बरूबर न्हाई आज," असं ते बँडमधल्या एखाद्या पोराबद्दल सांगावं तसं सांगायचे.

आमचा एक रिवाज पडला होता. बिघाड सापडला की तो काय होता ते मी त्यांना समजावून सांगायचे, आणि समजल्याशिवाय ते पुढे वाजवायचे नाहीत. "रीड चिरली का पॅड गळतंय, ते वाजवणाऱ्याला ठावं पायजे," असं त्यांचं क्लॅरिनेटच्या दिवसांपासूनचं म्हणणं होतं.

त्या रविवारी मी आत येऊन चप्पल काढतेय तोच त्यांनी तक्रार मांडली होती.

"सुरात वाळू आलीया."

"कधीपासून?"

"चार-आठ दिस. सूर लांबवला की... तळाला करकरतंय. असला सूर वरातीत लावला तर... घोडं बुजंल. नवरदेव खाली."

"नवरदेवाचं नंतर बघू," मी म्हटलं. "आधी वाजवून दाखवा."

त्यांनी वाजवलं. वाळू होती.

मी नेहमीप्रमाणे शेवटाकडून सुरुवात केली. स्पीकर बदलून हेडफोन लावला. वाळू तशीच. सूर हलवणाऱ्या चौकोनाची रेघ तोडली. हलणं थांबलं, वाळू राहिली. धारेची रेघ तोडली, वाळू राहिली. आवाज मोठा-लहान करणाऱ्या रेघेवर पायऱ्या दिसल्या त्या तेव्हाच. म्हणजे पुढच्या सगळ्या चौकोनांत काही चुकलं नव्हतं. आकडा त्यांच्यापर्यंत येतानाच तुटक येत होता.

या रेघेवर दिवाळीतही मी एकदा हात फिरवला होता. तेव्हा मास्तर म्हणाले होते, सूर खरबरीत लागतोय. मी म्हटलं होतं, दाबमापक जुना झाला असेल, आणि आकडे गुळगुळीत करणारा एक चौकोन मधे बसवला होता. पाच मिनिटांचं काम. त्या दिवशी त्यांनी मला खूश होऊन दोनदा चहा पाजला होता.

आता मी त्याच्याही मागे गेले, अगदी डबीतून आकडा जिथे आत येतो तिथे. तिथला आकडा कशानंही बदललेला नसतो. त्या जागेकडे मी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं, कारण पाहायची गरज पडत नव्हती.

"एकदा पूर्ण जोरानं फुंका, मास्तर. सूर नको. नुसती फुंक."

ते फुंकले. गालांच्या शिरा ताणल्या, मान पुढे आली. पडद्यावर आकडा एकोणतीस झाला, तीस झाला, एकतीसला टेकला आणि खाली आला.

"परत एकदा."

एकतीस.

"नळी गळतेय बहुतेक," मी म्हटलं. नळी काढून मी दुसरीकडे नेली, टोक पुसलं आणि त्यांच्याकडे पाठ करून स्वतः फुंकले. मला दमाचा सराव नाही. जिना चढताना मला धाप लागते.

एकशे चार.

"काय गळतंय का?" मास्तरांनी विचारलं.

"नाही. नळी चांगली आहे."

"मग?"

"थांबा जरा."

दाबमापक हवेच्या उष्णतेप्रमाणे सरकतो. सकाळचा शून्य दुपारी तीन होतो. म्हणून पहिल्याच आठवड्यात मी पॅचच्या सुरुवातीला एक सोय केली होती. रोज वाजवण्याआधी वहिनींनी एक बटण दाबायचं. पहिले पाच सेकंद मास्तरांनी नळीत काहीच करायचं नाही. ते त्या दिवसाचं शून्य. पुढचे पाच सेकंद जमेल तितकं जोरात फुंकायचं. ते त्या दिवसाचं एकशे सत्तावीस. मधलं सगळं पॅच आपोआप ताणून बसवायचा. वहिनी त्याला 'गप-जोर' म्हणायच्या. "गप-जोर झालं का?" असं त्या आतून विचारायच्या. मला या सोयीचा थोडा अभिमानही होता. तिच्यामुळे थंडीत आणि उन्हाळ्यात सूर सारखाच भरदार निघायचा.

फुंक कितीही असली तरी सूर सारखाच भरदार निघेल, हे त्यात आपोआप आलं होतं. ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

रोजच्या गप-जोरचा आकडा तारखेसह एका फाईलमधे साठत होता. उष्णतेचा परिणाम पुढेमागे तपासू, म्हणून मी ती व्यवस्था केली होती आणि नंतर फाईल कधी उघडली नव्हती. आता उघडली. जानेवारी २००९, पहिली ओळ, एकशे अठरा. मी खाली सरकत गेले. उन्हाळ्यात एकशे एक. गणपतीत नव्वदीच्या खाली. दिवाळीत, मी गुळगुळीत करणारा चौकोन बसवला त्या आठवड्यात, बहात्तर. संक्रांतीला पन्नास. त्या दिवशी सकाळी एकतीस. एकतीस आकडे एकशे सत्तावीसपर्यंत ताणले की एकेक पायरी चारची होते.

त्यात कुठे एकदम पडलेला आकडा नव्हता. एखाद्या दिवशी दोननं वाढलेलाही असायचा. एकूण ओळ मात्र एकाच दिशेनं जात होती.

मिरजेच्या डॉक्टरांनी श्वासाचं सांगितलं होतं तेव्हा मी तिथे होते. जीपमधून त्यांना नेलं त्या दोन्ही खेपांना मी सोबत गेले होते. श्वासाची तपासणी दर तीन महिन्यांनी करायची होती. "श्वास निम्म्यावर आला की तुम्हाला एक ठरवावं लागेल," डॉक्टर म्हणाले होते. "गळ्याला छेद देऊन नळी घालायची आणि मशीन लावायचं, की नाही. मशीन लागलं की वर्षं निघतील. पण बोलणं जाईल, आणि मशीन निघणार नाही. तुम्ही आधी ठरवलं नाहीत तर एक दिवस घुसमट होईल, घरचे घाबरून आणतील, आणि आम्ही नळी घालूच. मग ते तुम्ही ठरवलेलं नसेल."

मास्तर म्हणाले होते, "फुंक कमी झाली की बघू."

पुढच्या तपासणीला ते गेलेच नाहीत. जीपमधे मान सांभाळत नाही, हे खरं होतं. पण कारण त्यांनी दुसरंच सांगितलं. "मिरजेचं मिशीन कशाला? माझी फुंक मला... रोज ऐकू येती."

त्यांना रोज ऐकू येत होतं ते मी ताणलेलं होतं.

त्यांची वाक्यं तुटत होती, हेही मला दिसत होतं. मी समजले होते की आजारी माणूस कमी बोलतो.

"मी पाणी पिऊन येते," मी म्हटलं.

मागच्या अंगणात वहिनी बेदाणे निवडत बसल्या होत्या. मार्चमधे तासगावात घरोघर हेच काम असतं. समोर पत्र्याचं मोठं ताट, एका बाजूला हिरवट-पिवळे, एका बाजूला काळे पडलेले, देठाचा कचरा पदरात. बेदाण्यांना दिलेल्या गंधकाच्या धुरीचा वास होता. त्यांनी वर न बघता विचारलं, "झालं दुरुस्त?"

मी त्यांच्या समोर पायरीवर बसले. कसं सांगायचं ते मी पाणी पिताना ठरवलं होतं. आकड्यानं सांगायचं.

"वहिनी, रोज गप-जोर करता ना, त्यात जोर किती असतो ते लिहिलं जातं. पहिल्या दिवशी एकशे अठरा होता. आज एकतीस आहे. निम्मं होऊन तीन-चार महिने झाले. मला कळलं नाही. माझ्या पॅचनं ते झाकलं."

त्यांची बोटं थांबली नाहीत. काळा बेदाणा काळ्यांत गेला.

"मला ठावं हाय," त्या म्हणाल्या.

"काय?"

"तुमचं आकडं मला कळत न्हाईत, ताई. मी उशा मोजती. गेल्या साली एक उशी लागायची. दसऱ्याला दोन झाल्या. आता तीन हायत, तरी बसूनच झोप लागती त्यास्नी. आडवं केलं की डोळं फिरवत्यात."

"मग सांगितलं का नाहीत?"

"कुणाला? त्यास्नी?" त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "सांगितलं की ते ठरवणार. आन् काय ठरवणार ते मला आजच ठावं हाय."

त्यांनी आणखी एक देठ खुडून पदरात टाकला.

"तीस वर्सं हाय मी त्यांच्यासंगट," त्या म्हणाल्या. "ज्या माणसाला बॅण्डाची टोपी दुसऱ्यानं सरळ केलेली खपत न्हाई, तो गळ्यात नळी घालून श्वास दुसऱ्याच्या हातात देईल व्हय? न्हाई म्हणंल. म्हणून इचारायचंच न्हाई. एक दिस श्वास अडकला की मी गाडी बोलावणार. कवलापूरचा भाऊ पंधरा मिण्टात गाडी काढतो. तिथं डाक्टर काय करायचं ते करतील. लाईट जाती म्हणून त्यानं इन्व्हर्टर बी बघून ठेवलाय."

"पण ते त्यांनी ठरवायला हवं, वहिनी."

"का?" त्यांनी विचारलं. आवाज चढला नव्हता. त्यांना खरंच उत्तर हवं होतं. "अंगुळ मी घालती. घास मी भरवती. रातच्याला कूस मी बदलती. मिशीन लागलं तर त्याच्याजवळ बी मीच बसणार. मग त्यांनी एकट्यानं का?"

 

ताटातले चार-पाच बेदाणे त्यांनी उगीच या बाजूचे त्या बाजूला केले.

"ती वाळू तेवढी काढा," त्या म्हणाल्या. "सूर सरळ लागला की ते काय इचारत न्हाईत. दिवाळीत काढली व्हती की तुम्ही."

मी आत गेले.

हे लिहिताना मला सोईस्कर असं काही लिहायचं नाही. मी आत गेले आणि वाळू काढली. गुळगुळीत करणाऱ्या चौकोनात वीस आकडा होता, तो ऐंशी केला. पायऱ्यांचे कोपरे झिजले, मधल्या मोकळ्या जागा भरल्या, रेघ पुन्हा रेघेसारखी दिसायला लागली. एवढंच करायचं होतं. मग मी नळी त्यांच्या ओठांशी धरली आणि म्हटलं, "वाजवा."

त्यांनी पायानं खालचा सा दाबला आणि फुंकले. सूर आला. स्वच्छ, भरदार, चौकात उभं राहून वाजवावा तसा. त्यांनी तो लांबवला, मग पाय चालवून एक लहानसा तुकडा वाजवला, लग्नात नवरी मांडवात येते तेव्हाचा. वाळू कुठेच नव्हती. मागच्या दाराशी वहिनी येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्या ऐकत होत्या, पदरातला कचरा तसाच धरून.

मास्तरांनी नळी जिभेनं बाजूला सारली.

"वाळू गेली."

"हो."

"पण सूर उशिरा येतोय."

मी पडद्याकडे बघत राहिले.

"पाय मी आता दिला, फुंक आता दिली... आन् सूर आला मागनं. लई न्हाई. केसभर." ते थांबले, श्वास घेतला. "बॅण्डात असला गडी मी... मागच्या रांगेत उभा करतो. काय केलं, मॅडम?"

"आकडे गुळगुळीत केले."

"का?"

"तुटक येत होते म्हणून."

"का तुटक येत व्हते?"

दारातून वहिनी म्हणाल्या, "अवं, सूर लागला न्हवं? आता वाजवा की. ताईंची चारची यष्टी हाय."

"यष्टी पाचला बी हाय," मास्तर म्हणाले. त्यांनी मान माझ्याकडे वळवली. मान वळवणं हे तेव्हा त्यांच्यासाठी कामच होतं. आधी हनुवटी, मग बाकीचं. "दर टायमाला सांगता. वायर सुटली, तरी सांगता. एकदा उंदरानं वायर खाल्ली... तवा उंदराचं बी सांगितलंत. आज काय झालं?"

मी वहिनींकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर कदाचित सांगितलं नसतं.

"बिघाड पॅचमधे नाही, मास्तर. डबीत नाही, नळीत नाही. तुमची फुंक कमी झालीय. मी रोज ती ताणून पुरी करत होते. ताणायला आता उरलं नाही, म्हणून मधल्या जागा मोकळ्या पडल्या. तीच वाळू."

खोलीत पंखा फिरत होता. मास्तर माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळायचं नाही. चेहऱ्याचे स्नायूही तेव्हा थोडे थोडे जात होते.

"किती?"

"पहिल्या दिवशी एकशे अठरा होती. आज एकतीस."

"म्हंजे... रुपयाची चाराणे."

"त्याच्याशी जवळपास."

"आन् निम्मं कवा झालं?"

"डिसेंबरात. फाईल मी आज उघडली. आधी उघडायला हवी होती."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, रागावले. ते म्हणाले, "त्ये ताणायचं काढा."

"मास्तर..."

"काढा. हाय तसं... ऐकू दे."

गप-जोरच्या चौकोनाला बगल देणारी एक रेघ ओढायला दोन सेकंद लागतात. मी गुळगुळीत करणारा चौकोनही काढून टाकला. डबीतला आकडा आता सरळ आवाजापर्यंत जात होता, मधे कुणी नव्हतं. मी नळी त्यांच्या ओठांशी धरली.

सूर आला तो आधी ऐकूच आला नाही. मी स्पीकरचा आवाज वाढवायला हात पुढे केला, तर त्यांनी मानेनं नको म्हटलं. वहिनी दोन पावलं आत आल्या. तेव्हा ऐकू आला. बारीक, बिनधारेचा, दूर कुठेतरी गावाबाहेर वाजत असावं तसा, आणि जराही हलत नव्हता, कारण हलायला जेवढी फुंक लागते तेवढी नव्हती. त्यांनी तोच मांडवातला तुकडा वाजवायला घेतला. चौथ्या सुरावर फुंक संपली. पाय पुढच्या चार पट्ट्यांवर गेले, पट्ट्यांचा लाकडी खटखट आवाज झाला, आणि बाकी काही झालं नाही.

तेवढ्यानंच त्यांच्या कपाळावर घाम आला होता. वहिनींनी पदरानं पुसला. पदरातला कचरा जमिनीवर सांडला, त्याकडे दोघांनी बघितलं नाही.

"तुला ठावं व्हतं," मास्तर म्हणाले. त्यांनी विचारलं नव्हतं, सांगितलं होतं.

"व्हतं."

"कवापास्नं?"

"दुसरी उशी लागली तवापास्नं."

"आन् बोलली न्हाईस."

"बोलली असती तर तुम्ही बोलला असता," वहिनी म्हणाल्या. "मला ऐकायचं नव्हतं."

मास्तर हसले. म्हणजे नाकातून थोडी हवा सोडली. त्यांचं हसणं तेव्हा एवढंच उरलं होतं. "दोघी मिळून... मला तीन म्हैनं... चांगला वाजिवता ठेवलात."

"मी मुद्दाम नाही केलं, मास्तर," मी म्हटलं.

"ठावं हाय. तुम्ही मुद्दाम केलं असतं तर... इतकं बरूबर जमलं नसतं."

मी लॅपटॉप मिटला. उठून बाहेर जावं असं वाटलं. मी उठतेय असं बघून ते म्हणाले, "बसा, मॅडम. दुसरं माणूस पायजे... ऐकायला." मग त्यांनी वहिनींना खुणावलं. "खाली बस. समोर."

"बेदाणं उन्हात हायत."

"असूं देत. बस."

त्या त्यांच्या पायांजवळ, लाकडी पट्ट्यांच्या पलीकडे जमिनीवर बसल्या. बसल्याबरोबर बोलायला लागल्या, भराभर, आधीच पाठ केल्यासारखं. "हे बगा, भावानं समदं बघितलंय. मिरजेला एक बाई हाय, तिच्या नवऱ्याला दोन वर्सं झाली मिशीनवर. चांगला हाय. टीव्ही बघतो. डोळ्यानं खुणा करतो. ताई म्हणत्यात की डोळ्याच्या खुणंवर बी वाजवायची सोय करता येती..."

मी तसं कधीतरी म्हटलं होतं, हे खरं आहे. पहिल्या वर्षी, उत्साहात.

"करता येती का?" मास्तरांनी मला विचारलं.

"येते," मी म्हटलं. "आकडा कुठूनही घेता येतो. पापणीवरूनही."

"आन् फुंक?"

"फुंकेचा आकडा मग पॅचनंच तयार करायचा."

त्यांनी यावर थोडा विचार केला. खरोखर विचार केला. दाद द्यायची की नाही ते ठरवताना करायचे तसा.

"चांगलं काम हाय," ते म्हणाले. "पण त्ये तुमचं वाजवणं."

वहिनींनी त्यांच्या पायावर हात ठेवला. "असं नगा म्हणू."

"शेवंता, ऐक. एकदाच बोलतो, दम न्हाई." एका श्वासात तीन-चार शब्द मावत होते, आणि प्रत्येक वेळी ते पुढचा श्वास भरेपर्यंत थांबत होते. आम्ही दोघी थांबत होतो. "गाडी बोलवायची न्हाई. अडकला तरी न्हाई. गळ्याला भोक न्हाई. हितंच. ह्या खुर्चीत न्हाईतर खाटंवर. तू जवळ बस."

"मी बघत बसू?" वहिनी म्हणाल्या. "तुम्ही घुसमटताना मी बघत बसू, असं म्हणताय?"

"डाक्टर औषिद देत्यात. घुसमट कमी व्हायचं. मॅडम आणतील."

"आणीन," मी म्हटलं.

"मी म्हणून उपेग न्हाई," मास्तर म्हणाले. आता त्यांचा आवाज इतका उतरला होता की वहिनी गुडघ्यांवर पुढे आल्या. "त्या टायमाला... माझं तोंड बंद असंल. त्या टायमाला... तूच असशील. म्हणून तू म्हण."

वहिनींनी मान हलवली. नाही.

"म्हण."

बाहेर अंगणात कुणाची तरी कोंबडी ताटावर चढली होती, पत्रा वाजत होता. वहिनी उठल्या नाहीत. त्यांनी मास्तरांचा उजवा हात उचलला, तळवा वर केला, आपल्या मांडीवर घेतला. बराच वेळ त्या हाताकडेच बघत होत्या.  

"गाडी बोलवणार न्हाई," शेवंतावहिनी म्हणाल्या. "कुठं न्हेणार न्हाई तुमास्नी. हितंच ठेवीन."